ट्रायकोमोनिएसिस: पुरुषाने डोस एकदाच घ्यावा की सात दिवस?

बहुतेक पुरुषांना हे नाव पहिल्यांदा कळतं ते बायकोच्या रिपोर्टवरून. अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटतेय, वास येतोय म्हणून ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते. तिथे तपासणीत किंवा पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीच्या) अहवालात ‘ट्रायकोमोनास’ निघतो आणि तिच्या गोळ्या लिहून झाल्या की डॉक्टर म्हणतात, “मिस्टरांनाही घ्यायला सांगा.” मिस्टरांना काहीच होत नसतं. काही होत नसताना औषध कशाला? घ्यायचंच तर कोणतं, एकदाच की आठवडाभर? आधी तपासणी करायची की सरळ गोळी घ्यायची? आणि ती कुठून आणायची? यातला गोळीचा प्रश्न सगळे सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तो सगळ्यात सोपा आहे, कारण गोळ्या तिन्ही चांगल्या आहेत. औषध फुकट जातं ते दोघांनी वेगवेगळ्या वेळी घेतल्याने.

आधी थोडं रोगाबद्दल. ट्रायकोमोनिएसिस हा ट्रायकोमोनासमुळे होणारा, शरीरसंबंधातून पसरणारा आजार. ट्रायकोमोनास व्हजायनालिस हा जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही. हा एकपेशीय परजीवी आहे, शेपटीसारख्या धाग्यांनी वळवळत पोहणारा. पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने याने १८३६ साली सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली १५ ते ४९ वयोगटात याची १५.६ कोटी नवी लागण झाली. त्याच वर्षी क्लॅमिडियाची १२.९ कोटी, गनोरियाची ८.२ कोटी आणि सिफिलिसची ७१ लाख. म्हणजे बऱ्या होणाऱ्या लैंगिक आजारांत हा पहिल्या नंबरवर, आणि नाव मात्र कोणाच्या कानावर नाही.

पुरुषांमध्ये बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांना लघवीला जळजळ होते, लिंगाच्या आत खाज येते, सकाळी थोडं पाणी किंवा चिकट स्राव दिसतो, वीर्यपतनानंतर आग होते. आपल्याकडे या तक्रारींना दोन तयार उत्तरं असतात. पहिलं म्हणजे ‘उन्हाळे लागलेत’, मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, कोकम. दुसरं म्हणजे ‘धातू जातेय’, मग वैदू. पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते आणि जळजळ दोन दिवस कमी भासते, परजीवी आहे तिथेच राहतो. पुष्कळ पुरुषांमध्ये तो काही आठवड्यांत आपोआप नाहीसाही होतो, पण तोवर तो बायकोला पुन्हा पोहोचलेला असतो. काहींना प्रोस्टेटला किंवा वृषणाला लागून असलेल्या नळीला सूजही येते. शिवाय स्त्रीला हा संसर्ग असेल तर तिला एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे दीडपट होतो. ‘मला काही होत नाही’ हे पुरुषाने औषध टाळायचं कारण होत नाही, ते एवढ्यासाठी.

गोळ्या तीन, घराणं एक

मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल आणि सेक्निडॅझोल. तिन्हींचा शेवट सारखा, कारण रासायनिक घराणं एकच, नायट्रोइमिडॅझोल. या परजीवीवर तोंडाने घेण्याची खात्रीची औषधं आजही याच घराण्यात आहेत. १९५३ साली जपानमध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ॲझोमायसिन नावाचं द्रव्य मिळालं. त्यावर काम करून फ्रान्सच्या रोन-पुलँक कंपनीने मेट्रोनिडॅझोल बनवलं आणि १९५९ मध्ये ते सर्वांत आधी वापरलं गेलं ते याच रोगासाठी. आपल्या घरात मात्र मेट्रोनिडॅझोल म्हणजे फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल, आणि ती म्हणजे जुलाबाची गोळी. म्हणून बायकोच्या चिठ्ठीवर ती बघून ‘ही तर पोटाची गोळी, डॉक्टरांनी चुकून लिहिली’ असं म्हणणारे भेटतात. चुकून नाही लिहिलेली.

मेट्रोनिडॅझोल आपल्याकडे २०० आणि ४०० मिलिग्रॅममध्ये मिळतं. एकदाच घ्यायचा डोस २ ग्रॅम, म्हणजे ४०० च्या पाच गोळ्या एकाच वेळी. सात दिवसांचा कोर्स म्हणजे ४०० ची एक सकाळी, एक रात्री, एकूण चौदा. परदेशी लेखांत ५०० लिहिलेलं दिसतं म्हणून गोंधळू नका, मार्गदर्शक तत्त्वांत ४०० ते ५०० अशीच मुभा आहे. हे औषध शरीरातून लवकर उतरतं, सात-आठ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सर्वांत जास्त अनुभव याच गोळीचा आहे आणि सर्वांत जास्त तक्रारीही हिच्याच: तोंडाला धातूसारखी कडवट चव, मळमळ, जेवण नकोसं होणं. लघवीचा रंग थोडा गडद झाला तर घाबरायचं नाही.

टिनिडॅझोल ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, एकदाच, जेवणानंतर. बारा ते चौदा तासांनी निम्मं, म्हणजे शरीरात जास्त टिकतं, आणि पोटाला मेट्रोनिडॅझोलपेक्षा जरा सोसवतं. मेट्रोनिडॅझोलला न जुमानणाऱ्या परजीवीपैकी काहींवर हे चालतं, ही त्याची खरी किंमत.

सेक्निडॅझोल २ ग्रॅम, एकदाच. आपल्याकडे १ ग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणजे दोन गोळ्यांत काम. सतरा तासांच्या आसपास निम्मं होतं, तिघांत सर्वांत जास्त टिकणारं. अमेरिकेत या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली ती थेट २०२१ मध्ये. आपल्या सरकारी लैंगिक आरोग्य कार्यक्रमात ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. औषधाच्या बाबतीत अमेरिका मागे आणि आपलं जिल्हा रुग्णालय पुढे, असं क्वचित घडतं.

तिन्ही इतकी स्वस्त आहेत की किंमत बघून ठरवायची गरज नाही. ऑर्निडॅझोल हे चौथं भावंडही काही डॉक्टर लिहितात आणि तेही चालतं, पण पहिली तीन सहज मिळत असताना मी त्याच्याकडे वळणार नाही. योनीमार्गात लावायची मेट्रोनिडॅझोलची जेल या रोगाला पुरत नाही आणि पुरुषाने मलम लावून तर काहीच साधत नाही, कारण परजीवी मूत्रमार्गाच्या आत असतो.

एकदाच की सात दिवस?

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एचआयव्ही नसलेल्या स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला मेट्रोनिडॅझोल २ ग्रॅम एकदाच, दुसऱ्याला ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. चार आठवड्यांनी तपासलं तेव्हा एकदाच घेणाऱ्यांपैकी १९ टक्के स्त्रियांत परजीवी अजून सापडला, सात दिवसवाल्यांत ११ टक्के. फरक लहान नाही. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये स्त्रियांसाठी सात दिवसांचा कोर्स पहिला केला. पुरुषांसाठी मात्र २ ग्रॅम एकदाच हेच ठेवलं. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी दोघांनाही सात दिवस आधी आणि एक डोस पर्याय म्हणून, असं धरलं.

दोन शहाण्या देशांत हा फरक का? कारण पुरुषांवरचे अभ्यास थोडे आहेत. अमेरिकेने जुना, चालत आलेला डोस बदलण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं, ब्रिटनने स्त्रियांचा पुरावा पुरुषांनाही लावला. दोन्ही म्हणणी पटण्यासारखी आहेत. म्हणून इथे निर्णय विज्ञानाइतकाच तुमच्या घराच्या घडीवर ठरतो.

एकदाच घेण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा असा की चौदा गोळ्या सगळे पुरुष घेत नाहीत. ज्याला काही होत नाही, ज्याची कामाची दुसरी पाळी आहे, ज्याला डब्यासोबत गोळी काढताना शेजारच्याने विचारलेलं नकोय, तो तिसऱ्या दिवशी सोडतो. अर्धवट सात दिवसांपेक्षा पुरा एक दिवस बरा. डॉक्टरांसमोर, केसपेपर हातात असतानाच गिळला तर फारच बरा. विरोधातला मुद्दा म्हणजे पाच गोळ्या एकदम पोटात गेल्यावर होणारी मळमळ. थोड्या वेळात उलटी झाली तर डोस गेला असं समजून डॉक्टरांना विचारावं लागतं. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या दोन घासांवर हा डोस घेऊ नका, भरपेट जेवणानंतर घ्या.

‘एका डोसने लवकर मोकळं होता येतं’ हा मुद्दा मात्र मी बाद धरतो, आणि नेमका याच कारणाने बहुतेकजण एक डोस निवडतात. हिशेब करून बघा. डोस एका दिवसाचा असला तरी त्यानंतर सात दिवस संबंध टाळायचे असतात. बायकोचा कोर्स बहुधा सात दिवसांचा असेल, आणि तिच्या गोळ्या संपून तक्रारी जाईपर्यंत थांबावंच लागतं. म्हणजे तुम्ही सोमवारी एकदाच घ्या किंवा सोमवारपासून आठवडाभर घ्या, थांबण्याचा काळ जवळपास तेवढाच. वाचतात त्या फक्त गोळ्या.

माझा कौल असा: दोघं एका घरात राहत असाल आणि बायकोला सात दिवसांचा कोर्स दिला असेल, तर तुम्हीही सात दिवस घ्या, तिच्याच वेळेला. दोन पट्ट्या एकाच जागी ठेवल्या की विसरण्याची शक्यता निम्मी होते आणि ‘तुझं झालं का’ हे विचारायला निमित्तही लागत नाही. डॉक्टर एकच डोस देत असतील तरी वाद घालण्यासारखं काही नाही, तो मान्यताप्राप्तच आहे.

ट्रकवर असाल, बोटीवर असाल, आखातात किंवा दुसऱ्या शहरात नोकरीला असाल, तर एक डोस. त्यातही सेक्निडॅझोल किंवा टिनिडॅझोल मी आधी घेईन. आणि तो घरी पोहोचल्यावर नव्हे, निघण्याच्या निदान आठ दिवस आधी. दिवाळीच्या सुट्टीला येऊन पहिल्या रात्री भेटायचं आणि दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायची, यात बायकोचे सात दिवस पाण्यात जातात.

नवरा-बायकोची गोळी एकच असली पाहिजे असंही नाही. बायको गरोदर असेल तर तिला मेट्रोनिडॅझोल देतात, टिनिडॅझोल टाळतात. ती बाळाला पाजत असेल तर टिनिडॅझोलनंतर तीन दिवस अंगावर पाजता येत नाही, मेट्रोनिडॅझोलच्या मोठ्या डोसनंतरचं अंतर बारा ते चोवीस तासांचं. तुम्हाला यातलं काहीच बंधन नाही. म्हणून आपल्या पट्टीतल्या चार गोळ्या तिला काढून देणं, हे अगदी प्रेमाने केलं तरी, करू नका.

दारू आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या

गटारी तोंडावर असेल तर हा प्रश्न पहिला येतो, हे मान्य करून पुढे जाऊ. जुना सल्ला असा की मेट्रोनिडॅझोलनंतर चोवीस तास आणि टिनिडॅझोलनंतर बहात्तर तास दारू नको, कारण उलट्या, चेहरा लाल होणं, धडधड. अमेरिकेच्या २०२१ च्या तत्त्वांनी पुरावे तपासून हे बंधन गरजेचं नसल्याचं म्हटलंय. पण आपल्याकडच्या औषधाच्या कागदावर इशारा अजून आहे आणि डॉक्टरही तेच सांगतील. मळमळणाऱ्या पोटात दारू ओतून हा वाद स्वतःवर तपासून बघण्यात अर्थ नाही. गोळी घेतल्यामुळे प्यायचं चुकेल म्हणून गोळीच पुढे ढकलणं, हे मात्र दारूपेक्षा वाईट. नव्या सल्ल्याचा उपयोग कुठे असेल तर तो तिथे.

खरी काळजी वेगळ्या तीन औषधांची. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेट्रोनिडॅझोलने तिचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेल्यांनी हे आधी सांगायलाच हवं. मनोविकारासाठी लिथियम चालू असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आणि तिसरं डायसल्फिराम, दारू सोडण्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रातून मिळणारी गोळी. ती गेल्या दोन आठवड्यांत घेतली असेल तर मेट्रोनिडॅझोलबरोबर भ्रम, वेड्यासारखं बोलणं असे गंभीर त्रास झालेले आहेत. घरचे ही गोळी कधी कधी माणसाला न सांगता जेवणात घालतात. तसं करत असाल तर आता तरी डॉक्टरांना सांगा.

या घराण्यातल्या एका औषधाची ॲलर्जी असेल तर बाकीचीही आपल्या मनाने घेऊ नयेत.

तपासून घ्यायचं की न तपासता?

इथे दोन माणसं वेगळी करावी लागतात.

बायकोचा रिपोर्ट पक्का आहे आणि तुम्हाला काहीच तक्रार नाही, तर न तपासता औषध घ्या. जगभर हीच पद्धत आहे, आणि त्याला कारण आहे: पुरुषात हा परजीवी शोधणं अवघड. काचेवर थेंब घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची जी स्वस्त तपासणी आहे, ती जिवंत, हलणारा परजीवी दिसला तरच उपयोगाची. नमुना काही मिनिटांत बघावा लागतो, कारण तो थंडावला की परजीवी निश्चल होतो आणि मग तो पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही. स्त्रियांमध्येही ही तपासणी निम्म्याच्या आसपास केसेस पकडते, पुरुषांत त्याहून कमी. लघवीच्या कल्चरमध्ये तो येत नाही, कारण ते जिवाणूंसाठी असतं. वीर्याच्या कल्चरचंही तेच. तेव्हा ‘कल्चर नॉर्मल आलं, मला काही नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. उलट, साध्या लघवीच्या तपासणीत तंत्रज्ञाने ‘ट्रायकोमोनास दिसले’ असं लिहिलं असेल तर ते गांभीर्याने घ्यायचं.

तुम्हाला स्वतःला स्राव किंवा जळजळ असेल, तर तपासणी कराच. कारण पुरुषाच्या मूत्रमार्गातून स्राव येण्याची जास्त नेहमीची कारणं गनोरिया आणि क्लॅमिडिया, आणि त्या दोघांवर यातल्या एकाही गोळीचा परिणाम नाही. भरवशाची तपासणी म्हणजे पीसीआर, परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी. मोठ्या शहरांतल्या खासगी लॅब लैंगिक आजारांचं एकत्रित पॅनेल करतात, काही हजार रुपये जातात. नमुना द्यायची पद्धत लक्षात ठेवा, इथेच पैसे फुकट जातात: निदान तासभर लघवीला गेलेलं नसावं आणि भांड्यात पहिली धार घ्यायची, वीस-तीस मिलिलिटर. साखर किंवा कल्चरसाठी मधली धार द्यायची सवय आपल्याला असते. इथे उलटं.

दोन्ही माणसांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र करून घ्यावी. ती सरकारी आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेला संरक्षण आहे. १०९७ या टोल फ्री क्रमांकावर जवळचं केंद्र कळतं.

सुरक्षा क्लिनिक, स्किनचे डॉक्टर की मेडिकल?

पहिला गैरसमज दूर करू. ‘गुप्तरोगाचा डॉक्टर’ म्हणून वेगळा कोणी शोधायची गरज नाही. आपल्याकडे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे एकाच पदव्युत्तर पदवीत शिकवतात, म्हणजे कॉलनीतल्या स्किनच्या डॉक्टरांचं हे अधिकृत काम आहे. त्यांच्या वेटिंग रूममध्ये पिंपल्स आणि केस गळणारेच बसलेले असतात, तुम्ही कशाला आलात ते कोणाला कळत नाही.

सरकारी बाजूला वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने लैंगिक आजारांचा विभाग असतो. मुंबईतल्या जे.जे., पुण्यातल्या ससून किंवा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा व गुप्तरोग विभाग विचारा, म्हणजे पुढची वाट कळेल. इथे औषध मोफत आणि ते रंगीत पाकिटांत मिळतं. या रंगांमागची गोष्ट माहीत असलेली बरी, कारण पुरुषांचा घोळ इथेच होतो.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पद्धतीत रिपोर्टची वाट न बघता तक्रारीवरून पाकीट देतात. पुरुष स्राव घेऊन आला की करड्या रंगाचं किट, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. हे गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी. स्त्री अंगावरून पांढरं जातंय म्हणून आली की हिरवं किट, त्यात सेक्निडॅझोल आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल. म्हणजे ट्रायकोमोनासचं औषध हिरव्यात आहे, करड्यात नाही. अनेक वर्षं चालत आलेल्या या पद्धतीत पुरुषाला सेक्निडॅझोल देतात ते करड्या किटनंतरही आठवडाभरात जळजळ गेली नाही तर. सर्वसाधारण लोकसंख्येचा विचार केला तर हे शहाणपणाचं आहे, कारण पुरुषात पहिली दोनच कारणं नेहमीची. पण तुमच्या बायकोच्या रिपोर्टवर ट्रायकोमोनास लिहिलेला असेल आणि तुम्ही तो न दाखवता नुसतं ‘जळजळ होते’ एवढंच सांगितलंत, तर बरोबर उपचार मिळूनही तुमचा रोग जागेवरच राहील. तिचा रिपोर्ट सोबत न्या. दाखवायला लाज वाटत असेल तर मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

खासगी आणि सरकारी यांत निवडायचं तर: आधीच निदान झालंय, फक्त औषध हवंय, एचआयव्हीची तपासणीही करायची आहे, तर सरकारी. तक्रारी रेंगाळल्यात, पीसीआर हवी आहे, पुन्हा पुन्हा होतंय, तर खासगी त्वचारोगतज्ज्ञ. मूत्ररोगतज्ज्ञाकडे थेट जायची घाई नको. वृषण सुजलं, ताप आला, लघवी अडली तर मात्र लगेच.

मेडिकल स्टोअर हा तिसरा रस्ता, आणि खरं सांगायचं तर सर्वांत वर्दळीचा. कायद्याने ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. प्रत्यक्षात ‘खाली जळजळ होतेय’ म्हटलं की काउंटरवरून एखादी जोडगोळी सरकवली जाते: नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोल किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल. जुलाबाची हीच. नाव वाचून वाटतं की टिनिडॅझोल तर आलंच की. पण दिवसाला दोन अशा तीन-चार गोळ्यांत २ ग्रॅमचा एकगठ्ठा डोसही होत नाही आणि सात दिवसांचा कोर्सही नाही. वर नको असलेलं प्रतिजैविक पोटात जातं आणि नंतर तपासणी केली तर ती गोंधळते. जळजळ थोडी कमी झाली की माणूस पुढे जातच नाही.

रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर आणि एसटी स्टँडच्या मुतारीत ‘गुप्तरोग गॅरंटीने बरे’ लिहिलेलं असतं, त्याबद्दल एकच सांगतो. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार लैंगिक रोग बरे करण्याची अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. पहिल्या ओळीतच कायदा मोडणाऱ्याकडून औषध घ्यायचं का, ते तुम्ही ठरवा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सोपं आहे. तिथल्या लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत, व्हिसा कोणताही असो. फक्त पुरुषांच्या नेहमीच्या तपासणीत क्लॅमिडिया आणि गनोरियाच बघतात, ट्रायकोमोनास सहसा नाही. जोडीदाराला झालाय हे तोंडाने सांगावं लागतं.

कोणाकडून आलं?

औषधापेक्षा या प्रश्नाने जास्त घरं हलतात. उत्तर असं की रिपोर्टवरून ते कळत नाही. स्त्रीमध्ये हा संसर्ग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तक्रारीशिवाय राहू शकतो. म्हणजे तो आजचा असेल, लग्नाआधीचा असेल, कोणाचाही असेल. नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून तो सुटला असंही नाही, कारण त्याच्यातला आपोआप गेलेला असू शकतो. टॉवेल, कमोड, स्विमिंग पूल यांच्यावर मात्र ढकलू नका, संबंधातून पसरणं हाच याचा खरा रस्ता आहे. चौकशी करायचीच असेल तर ती दोघांच्या गोळ्या संपल्यावर करा, भांडणात औषधाच्या तारखा चुकतात. आणि गेल्या काही महिन्यांत आणखी कोणी जोडीदार असेल, तर त्या व्यक्तीलाही कळवणं तुमच्यावर येतं, कितीही अवघड वाटलं तरी.

पुन्हा झालं तर

तक्रारी आठवड्याभरात गेल्या नाहीत किंवा जाऊन परत आल्या, तर पहिला संशय औषधावर घेऊ नका. दोघांनी एकाच काळात घेतलं का, मधले दिवस पाळले का, हे आधी बघा. परत आलेल्या बहुतेक केसेस नव्या लागणीच्या असतात.

नव्या लागणीची काहीच शक्यता नसेल, तर पुढची पायरी ठरलेली आहे: ज्याने एक डोस घेतला होता त्याला मेट्रोनिडॅझोलचे सात दिवस. तेही फसलं तर मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल २ ग्रॅम रोज, सात दिवस. हा मोठा डोस आहे, आपल्या मनाने घ्यायचा नाही. औषधाला न जुमानणारा परजीवी आहे, पण कमी. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या नमुन्यांत मेट्रोनिडॅझोलला विरोध चार ते दहा टक्क्यांत आढळतो, टिनिडॅझोलला सुमारे एक टक्क्यात. म्हणून पहिल्यांदा मेट्रोनिडॅझोल घेऊन खरोखर फसलेल्या माणसाला मी टिनिडॅझोलबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगेन.

खात्रीसाठी पीसीआर करायची तर औषध संपल्यावर तीन आठवडे थांबा. त्याआधी मेलेल्या परजीवीचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवतात आणि माणूस उगाच दुसरा कोर्स सुरू करतो. बायकोची फेरतपासणी तीन महिन्यांनी करायची असते. पुरुषाला तक्रार नसेल तर सहसा तेवढीही गरज नाही. तोवर निरोध वापरलात तर हिशेब सोपा राहतो.